हुरड्याचे दोन दिवस

रफिक, औरंगाबाद स्टेशनावर तुझे अब्बा आपल्या दोघांच्या मधे उभे होते आणि माझी आई धपाट्यांचा डबा पिशवीत कोंबत होती. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. विहिरीत वाकू नको म्हणावं तसं तिनं मला बजावलं. अब्बा एवढंच म्हणाले, "एक दुसरे कू संभालना."

चिकलठाण्याच्या वर्कशॉपमधले आपण दोन फिटर भर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर लागलो, तेही एकाच जागेवर. अठ्ठावीस दिवस तू, अठ्ठावीस दिवस मी. बदली माणूस उतरल्याशिवाय पहिल्यानं हेलिकॉप्टरमध्ये चढायचं नाही. सोबत निघालेले आपण मग पाच मिनिटं भेटायचो, हेलिडेकवर, पंख्याच्या आवाजात पाठीवर थाप मारून.

त्या हिवाळ्यात माझी सुट्टी संपत आली आणि शेंद्र्याच्या आमच्या शेतात हुरडा लागला. आई म्हणाली, "थांब की दोन दिस. लई दिसांनी घावलास." मी ऑफिसला ताप आल्याचं कळवलं. तापाच्या माणसाला प्लॅटफॉर्मवर घेत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दोन दिवस शेतात मजेत गेले. निघायच्या सकाळी ऑफिसचाच फोन आला: हवा बिघडलीय, हेलिकॉप्टर बंद, येऊ नका. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या गावाहून, बिडकीनहून निरोप आला की अब्बा गेले. मी वेळेवर आलो असतो तर तू त्यांच्या उशाशी असतास. तू तिकडं बॅग भरून बसला होतास आणि जनाज्याला खांदा मी दिला. तुझे चाचा मला जवळ घेऊन म्हणाले, "बेटा दर्या में अटक गया, तू तो आया. तू बी हमाराच है." मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

पुढं हेलिडेकवर तू मिठी मारलीस. "अब्बाला माती द्यायला तू होतास, बरं झालं," म्हणालास. आवाज एवढा होता की मी काही बोललो नाही ते तुला कळलंही नसेल.

आता आपण दोघं निवृत्त. मी पनवेलच्या फ्लॅटमध्ये. आई गेली, शेंद्र्याचं शेत कंपन्यांत गेलं. गाव म्हणावं असं तुझं बिडकीनचं शेत तेवढं उरलंय. हुरडा लागला की तू दरवर्षी बोलावतोस आणि मी दरवर्षी तब्येतीचं कारण काढतो.

यंदा येतो. ताटात हुरडा वाढण्याआधी ऐकून घे: मला तेव्हा ताप नव्हता.