काचेची घार आणि काकांचा अर्धा फेरा

माझी मावशी काचेची पाखरं ओतते. जुन्या ऐटबाज गाड्यांच्या नाकावर जी काचेची पाखरं, घोडे, पऱ्या मिरवतात ना, तीच. आजवर तिने फुटलेल्यांच्या हुबेहूब नकलाच करून दिल्या. परवा मात्र तिच्या स्वतःच्या मनातली घार पहिल्यांदा गाडीवर चढली, आणि आमच्यापैकी कुणाचाच पाय जमिनीवर ठरेना!

गाडीचे मालक दातांचे डॉक्टर. काचेवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. गाडी गावाबाहेरच्या पुलापर्यंत नेऊन परत वळवायची; तिथवर घार शाबूत राहिली तर ठेवीन, नाहीतर पितळी घोडा बसवीन, असं त्यांनी बजावलं होतं. तो घोडा सोबतही घेतला होता. मला तो बघताक्षणी डोक्यात गेला.

काचेखालचा नट कमी आवळला तर काच खडखडते, जास्त आवळला तर तडकते. मावशी बेताने आवळते, आणि तिची पाठ वळली की काका, म्हणजे तिचे यजमान, आणखी अर्धा फेरा देतात. हात शिवशिवतात त्यांचे. त्यावरून दोघांची रोजची खडाजंगी. त्या सकाळी तर मावशीने त्यांना सज्जड दम भरला होता.

निघालो. डॉक्टर गाडी चालवत होते, मावशी त्यांच्या शेजारी, काका आणि मी मागे. घारीखाली छोटा दिवा होता. गाडीने वेग घेतला की तो उजळायचा आणि पंखांत निळा उजेड पसरायचा. मी तर ओरडायचाच बाकी होतो. एवढ्यात वळणावर टकटक सुरू झाली. डॉक्टरांनी गाडी थांबवली आणि मागे वळून घोडा मागितला.

काका पांढरेफटक पडले. "शपथ सांगतो, मी हात लावला नाही."

मावशीने कपाळावर हात मारला. "का नाही लावला? तुम्ही लावणार म्हणून तर मी अर्धा फेरा कमी आवळला."

"तूच दम दिलास ना?"

"दम रोजच देते. ऐकता कधी?"

डॉक्टरांना हसू आवरेना. मावशीने पिशवीतून पाना काढून काकांच्या हातात दिला. काका उतरून घारीपाशी वाकले. त्यांनी श्वास रोखून अर्धा फेरा दिला. काच तडकली नाही.

मग गाडी अशी सुटली म्हणून सांगू! टकटक बंद, घार नुसती झळाळत होती. पूल आला, तरी डॉक्टरांनी गाडी वळवलीच नाही, सरळ पुढे घेतली. मावशी ढसाढसा रडत होती, आणि रस्त्यावर दिसेल त्याला हात करून सांगत होती, "माझी आहे ती."