दोघं एका विमानात नको

आमच्या घरात एक नियम होता, आणि तो ऐकला की लोक आधी हसायचे आणि मग आमच्याकडे जरा निरखून बघायचे. नवरा-बायकोनं एका विमानानं जायचं नाही. लेकीच्या पदवीदानाला बंगळुरूला गेलो तेव्हा मी एका दिवशी निघाले आणि हे दुसऱ्या दिवशी. विमानतळावर लेकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, भांडलात का? मी म्हटलं, भांडलो असतो तर बरं झालं असतं, निदान लोकांना सांगायला कारण तरी असतं.

नियम ह्यांचा. ह्यांनी नोकरीची सगळी वर्षं नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळला. तिथं पाण्याला दोन पंप असायचे, एक चालू आणि एक स्टँडबाय, आणि दोन्ही कधी विजेच्या एका लाइनवर ठेवायचे नाहीत. लाइन गेली तर दोन्ही एकदम बंद पडायला नकोत. हा हिशेब ह्यांनी तिथून उचलून घरात आणला. पण उगाच नाही आणला.

लेक शाळेत होती तेव्हाची गोष्ट. ह्यांच्या खात्यातले एक जण बायकोला घेऊन परदेशात फिरायला गेले होते, एका टूरबरोबर. तिथल्या बाजारात स्फोट झाला आणि दोघंही गेले. त्यांची मुलगी आमच्या लेकीच्या वर्गात होती. नातेवाइकांचं काही ठरेपर्यंत ती आमच्याकडे राहिली. पानात वाढू तेवढंच खायची, पुन्हा म्हणून काही मागायची नाही. शाळेतून आली की चपला दारात काढून ठेवायच्या ऐवजी हातात घेऊन आत यायची आणि आपल्या बॅगेशेजारी ठेवायची. कधी निघावं लागेल सांगता येत नाही, हे तिचं तिलाच कळलं असावं. शेवटी तिचे मामा आणि काका एकाच दिवशी आले आणि आमच्या हॉलमध्ये, तिच्या देखत, कोणाकडे जागा आहे आणि कोणाची अडचण आहे यावर बोलत बसले. ती मामांबरोबर गेली. ती रिक्षात बसल्यावर लेकीनं हात हलवला, पण तिनं वळून पाहिलं नाही. हे गच्चीवर जाऊन बसले ते जेवायलाही खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "काहीही झालं तरी पोरीसाठी एक जण उरला पाहिजे."

मी हो म्हटलं. तो चेहरा बघून नाही कोण म्हणेल?

आता गंमत बघा. याच माणसाच्या स्कूटरवर आम्ही तिघं पंचवटीतून भाजी घेऊन यायचो. पुढे लेक उभी, मागे मी, मांडीवर मेथीच्या जुड्या आणि गळ्यात पिशवीचे बंद, आणि द्वारका चौकात दोन्ही बाजूंनी ट्रक. हेल्मेट घरी खुंटीला. मी एकदा विचारलं, इथं कोण उरणार आहे हो आपल्यातलं? तर म्हणाले, "इथं मी चालवतोय ना." त्यांच्या दृष्टीनं हे पुरेसं उत्तर होतं. हँडल स्वतःच्या हातात असलं की ह्यांना कशाची भीती वाटायची नाही. ट्रकवाल्याला घाई आहे, त्याला पुढे जायचंय, हे ह्यांना कळायचं. पण ज्यानं आपल्याला कधी पाहिलंही नाही, ज्याला आपल्याकडून काही नको, तो आपल्याला का मारतो, ते ह्यांना कधीच समजलं नाही. न समजलेल्या गोष्टीचीच ह्यांना भीती होती. मी तेव्हा खूप चेष्टा करायची.

पुढे लेकीचं लग्न झालं आणि ती युरोपात गेली. दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी असं मी धरूनच चालले होते, पण डॉक्टरांनी तिला प्रवास नको सांगितलं, तेव्हा माहेरच तिच्याकडे न्यायचं ठरलं. नियमाप्रमाणे मी आधी आणि हे मागाहून. मी डिंकाचे लाडू केले, बाळंतशेपा भाजून घेतल्या, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली. ह्यांनी बॅगा दोरीनं आवळून दिल्या आणि मुंबईच्या विमानतळावर काचेबाहेर उभे राहून मी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले.

मी पोचून थोडेच दिवस झाले होते. लेकीच्या शहरातल्या रेल्वे स्टेशनवर हल्ला झाला. माणसं गेली. आम्ही राहत होतो तिथून ते लांब होतं. आम्हाला फक्त सायरन ऐकू आले आणि जावई ऑफिसातून चालत घरी आले. नाशिकला ह्यांना मात्र टीव्हीवर आमच्यापेक्षा जास्त दिसत होतं. फोनवर फोन सुरू झाले. खिडकीजवळ बसू नका. दूध संपलं तर संपू दे, बाहेर जाऊ नका. जावयांना सांग, रजा टाका. मग एक दिवस आवाज एकदम शांत लागला.

"मी येत नाही," हे म्हणाले. "तिकीट रद्द केलं. अशा ठिकाणी दोघांनी असणं बरोबर नाही. तू तिच्यापाशी आहेस, मी इथं आहे."

मी भांडले. आठ दिवसांत इथली माणसं त्याच स्टेशनवरून कामाला जायला लागली, फुलं ठेवली आहेत तिथून वळसा घालून जातात, म्हटलं. तुम्हीच एकटे शहाणे लागून गेलात का? लेकीनं फोन घेतला आणि म्हणाली, बाबा, या ना. ते तिला म्हणाले, तुझ्यासाठीच येत नाहीये गं. फोन ठेवल्यावर ती पोटावर हात ठेवून खाली बसली. मग म्हणाली, "आई, बाबांना मी अजून ती मुलगीच वाटते का?" कोणती मुलगी ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

त्यानंतर ह्यांना घरात एकटं असताना झटका आला. स्वयंपाकघरात ओट्यापाशी पडले. फोन हॉलमध्ये वाजत होता, आणि तो मीच करत होते. मला वाटलं, रुसलेत. एवढं बोलले मी, रुसणारच. मी चिडून फोन बंद केला आणि झोपले. सकाळी समोरच्या वहिनींना आमच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. बेल वाजवली, हाका मारल्या, शेवटी दार तोडलं. उजवं अंग गेलं होतं आणि बोलता येत नव्हतं. लवकर आणलं असतं तर औषधाचा उपयोग झाला असता, असं डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं आणि वहिनींनी रडत रडत मला.

मला रडू आलं नाही. राग आला, इतका की दात आवळून दुखायला लागले. बॉम्ब नाही, विमान नाही, आपल्याच ओट्याखाली, आणि हाकेला कोणी नाही. मी घरात असते तर हाक मारायचीही गरज नव्हती, पडल्याचा आवाज पुरला असता.

लेकीचे दिवस भरले होते. जावई तिकिटं शोधत होते आणि मला सारखं विचारत होते, काय करू आई, काढू का? जावं तर ही, राहावं तर ते. कोणतंही एक म्हटलं की दुसऱ्याला मी टाकून दिलं असंच होणार होतं. शेवटी लेकच म्हणाली, "तू जा. मला इथं डॉक्टर आहेत, हा आहे. बाबांपाशी कोण आहे?" आवाज अगदी सरळ होता. पण माझं मनगट तिनं जे धरलं होतं ते जावयांनी हळूच सोडवलं तेव्हा सुटलं.

वाटेत विमान बदलायचं होतं. त्या विमानतळावर एका खांबापाशी कुणाची तरी बॅग बेवारस सापडली आणि आम्हा सगळ्यांना मागे हटवलं. बंदूकवाले पोलीस आले, कुत्रा आला, दोरी लागली. काचेतून मला माझं विमान उभं दिसत होतं. सगळे लोक मागे सरकत होते आणि मी पुढे. एका पोलिसानं मला अडवलं. जे काही इंग्रजी येत होतं तेही आठवेना, तेव्हा मी त्याला मराठीतच सांगितलं, "अहो, जाऊ द्या मला. माझा माणूस मरतोय तिकडे. काय फुटायचं ते फुटू दे." तो काहीतरी समजुतीचं बोलला आणि मला दोरीच्या मागे नेऊन बसवलं. बॅगेत लहान मुलाचे कपडे निघाले. तोवर विमान गेलं होतं, आणि पुढचं दुसऱ्या दिवशी होतं. मी त्या खुर्चीत बसून, ओळख ना पाळख अशा त्या विसराळू आईला तोंडाला येईल ते बोलत राहिले. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

मुंबईहून टॅक्सी करून मी थेट हॉस्पिटलात आले. हे जागे होते. मला वाटलं, मला बघून ह्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, डावा हात तरी पुढे येईल. ह्यांनी मला पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. तोंड वाकडं झालं होतं. ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता. खूप प्रयत्नांनी एक शब्द आला. "पोर?"

मी म्हटलं, तिकडेच आहे, बरी आहे, जावईबापू आहेत तिच्यापाशी. आणि मी त्यांचा हात हातात घेतला.

त्यांनी तो सोडवून घेतला. मान भिंतीकडे वळवली. नर्सला वाटलं, कुठं दुखतंय. मला माहीत होतं कुठं दुखतंय. लग्नापासून ह्या माणसानं माझ्याकडून एवढंच एक मागितलं होतं आणि मी ते मोडून समोर येऊन उभी राहिले होते. स्वतः एकटं पडायची ह्यांची तयारी होती, ओट्याखाली रात्रभर पडूनही होती. तिला एकटं ठेवायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी जावयांचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी फोन ह्यांच्या कानाला लावला. बाळ जोरात रडत होतं. हे ऐकत राहिले, भिवया वर करून, एखाद्या मशीनचा आवाज ऐकावा तसे लक्ष देऊन. मग डाव्या हातानं फोन माझ्याकडे सरकवला.

"जा," म्हणाले.

मी म्हटलं, नाही जाणार.

"जा."

"अहो, ती एकटी नाहीये. एकटे तुम्ही आहात."

त्यांना ते पटलं नाही. मान थोडी हलली, नाही अशी, आणि पुन्हा तोच शब्द आला, अर्धा. त्यानंतर ते बोलले नाहीत. डोळेही उघडले नाहीत. मी खुर्ची ओढून घेतली आणि त्यांचा हात धरून बसले, शेवटपर्यंत. सोडवून घ्यायची ताकद आता त्यांच्यात नव्हती.