खंडेनवमीनंतरचे प्रिंटर

नव्वद साल उलटलं होतं. मानपाड्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी हजेरीचे आणि मालाचे प्रोग्राम लिहायची, आणि लिहिण्यापेक्षा जास्त वेळ ते वर्तकनगरात आमच्या कॉलनीभर सांगत सुटायची. नोकरी तात्पुरती होती. दसऱ्यानंतर छपाई नीट चालली तर कायम करू, असं साहेब म्हणाले होते.

प्रिंटर दोन. रुंद प्रिंटरवर बारीक अक्षरात हजेरीपत्रक, छोट्यावर पिंपांना डकवायची लेबलं. काय कुठे छापायचं, केवढ्या अक्षरात, सगळं माझ्या प्रोग्राममध्ये. ऑपरेटरने फक्त बटण दाबायचं. मला त्याचा एवढा ताठा, की मी चहासुद्धा प्रिंटरांकडे तोंड करून घ्यायची.

खंडेनवमीला आमच्या देवभोळ्या हेडक्लार्कांनी दोन्ही प्रिंटर एका टेबलावर पूर्वाभिमुख मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. पाकळ्या आत जातील म्हणून मी कुरकुरले, पण प्रसादाचा पेढा घेऊन गप्प बसले. सुट्टीनंतर त्यांनीच प्रिंटर जागेवर ठेवून केबली जोडल्या. उलटसुलट.

सकाळी बटण दाबलं गेलं. हजेरीच्या रुंद कागदावर 'ज्वलनशील, उन्हात ठेवू नये', आणि चिकट लेबलांवर हजेरी. पॅकिंगवाल्यांनी ती निमूट पिंपांना डकवली. साहेब गोदामात गेले, तर समोरच्या पिंपावर त्यांचंच नाव, पुढे 'गैरहजर'.

झालं, मला वाटलं, आता कसली कायम होते मी. केबलकडे बघायचं सुचलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत मी प्रोग्राममध्येच दोन्ही प्रिंटरांची अदलाबदल केली आणि कुणाला काही न सांगता हसतमुखाने डबा धुवायला गेले. तेवढ्यात हेडक्लार्कांना आपली चूक उमगली. तेही कुणाला न सांगता टेबलाखाली शिरले.

दुपारी साहेबांसमोर बटण दाबलं. लेबलांवर पुन्हा हजेरी.

हेडक्लार्क हात जोडून म्हणाले, "साहेब, बाईंचा दोष नाही. पूजेनंतर केबली मीच उलट्या लावल्या होत्या. आत्ता सरळ केल्या."

"आणि मी आत्ताच प्रोग्राम उलटा केला," मी पुटपुटले.

साहेब खुर्चीत बसले. "म्हणजे सकाळी एकाने बिघडवलं म्हणून बिघडलं, आणि आता दोघांनी दुरुस्त केलं म्हणून?"

आम्ही दोघांनी एकदम मान डोलावली.

मूळ प्रोग्रामात चूक नव्हती, म्हणून महिनाअखेरीला त्यांनी मला कायम केलं. कायम केल्याचं पत्र मात्र टाइपरायटरवर काढून घेतलं.