काठावर चालणारं इंजिन

मध्य प्रदेशातल्या सौसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात डिझेल इंजिन खोलणारी बाई एकच आहे, आणि ती मी आहे. ही फुशारकी वाटली तर वाटू दे. फुशारकीच आहे ती. पंचवीस वर्षं काळ्या हातांनी भाकरी खाल्लीय, तेवढा हक्क माझा आहे.

हे काम मला बाबांनी दिलं. बाबा दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांत मजुरी करत. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की मालक लोधीखेड्याहून मिस्त्री बोलवायचा आणि बाबा त्याच्या बाजूला पाने-पक्कड धरून उभे राहायचे. पाहता पाहता मिस्त्रीपेक्षा बाबांचा हात बरा झाला. मजुरी सुटली, आणि विहाराच्या गल्लीत आमच्या घरापुढे टिनाचं शेड उभं राहिलं. आज त्या शेडात मी बसते.

आमच्याकडे हिवाळ्यात संत्र्याला ताण देतात. महिना-दीड महिना झाडाला पाणीच द्यायचं नाही; पानं मलूल झाली की मग पाणी सोडायचं, म्हणजे झाड फुलांनी लदलदून येतं. त्या दिवसांत विहिरीवरची इंजिनं बंद असतात, आणि तोच बाबांचा हंगाम असायचा. मला सोबत घेऊन ते बागेबागेत जायचे आणि इंजिन झोपवून यायचे. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, धुराड्यावर डबा उपडा घालायचा आणि डिझेलची टाकी काढून, रिकामी करून, पुसून मालकाच्या घरी माळ्यावर उपडी ठेवायची. शेवटचं काम ते कधी चुकले नाहीत. टाकी रिकामी, तर इंजिन सुखी, असं त्यांचं गणित होतं. पाणी सोडायच्या दिवशी त्यांनी झोपवलेलं इंजिन हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला उठायचं, आणि बाबा मालकाकडे न पाहता माझ्याकडे पाहायचे.

आता बागांत बिजली आली, मोटारी आल्या. इंजिनं कमी झाली. ट्रॅक्टर, जनरेटर यांच्यावर माझं चालतं. बोट मात्र मी उभ्या आयुष्यात फोटोतच पाहिली होती.

आमच्या भागातल्या एका धरणावर काठच्या गावातल्या अकरा बायांच्या बचत गटाला बोट चालवायची परवानगी मिळाली. बारा माणसांची फायबरची बोट, पोटात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. जामसांवलीला दर्शनाला आलेली माणसं परतताना तिकडे वळतात, फोटो काढतात, एक चक्कर मारतात. गटाची अध्यक्ष माझ्या आईच्या वयाची, सगळे तिला मावशी म्हणतात. बोट चालवायला तिनं गावातलाच एक मासे धरणारा भाऊ ठेवला होता. त्याला पाण्याचं सगळं कळायचं, इंजिनाचं काहीच नाही. म्हणून मी.

पावसाळ्यात बोट बंद असते. दसऱ्यानंतर ती पुन्हा सुरू केली आणि दुसऱ्याच दिवशी धरणाच्या मध्यभागी इंजिन बंद पडलं. भाऊनं वल्ही मारत बोट काठाला आणली आणि मावशीचा फोन आला.

मी पोचले. बोट काठाला बांधलेली होती. फिल्टरचा स्क्रू ढिला केला, हातपंप मारला, फुसफुस करत फेस आला. डिझेलच्या लाइननं एअर धरली होती, म्हणजे नळीत हवा अडकली होती, दुसरं काय. येणारं सगळं फडक्यावर सोडलं, स्क्रू आवळला, चावी फिरवली. इंजिन असं काही सुरू झालं की बाया टाळ्या वाजवू लागल्या. तासभर बांधलेल्या बोटीत ते चालवलं, एकदाही आवाज बदलला नाही. मावशीनं नारळ फोडला. मी चहा घेतला, वर दोन शब्द सुनावलेही, की इंजिनाला फक्त ओळखणारा माणूस लागतो. घरी येईपर्यंत माझी मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी तेच इंजिन त्याच जागी बंद पडलं. या वेळी बोटीत जामसांवलीहून आलेलं एक आख्खं कुटुंब होतं. वारा सुटला होता, बोट आडवी झाली, त्यातल्या म्हातारीला उलट्या झाल्या. काठाला लागल्याबरोबर त्यांच्यातल्या एकानं बोटीची परवानगी देणाऱ्या पांढुर्ण्याच्या ऑफिसात तक्रार केली. ऑफिसातून निरोप आला, की चार दिवसांनी साहेब स्वतः येऊन बोटीत बसतील. इंजिन बंद पडलं तर परवानगी रद्द, बोट दुसऱ्याला.

मावशीनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. ती फक्त म्हणाली, "अकरा घरं हायेत पोरी. पाह्य काय होते तं."

मला माझी फार लाज वाटली. आणि लाज वाटली की मी चिडते, हा माझा जुना दोष आहे. नवा फिल्टर घेऊन सकाळीच धरणावर गेले. फिल्टर बदलला, नोझल तपासले, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून दोन्ही सिलिंडर ऐकले. दोन तास इंजिन काठाला खुशाल चालत राहिलं. भाऊ बाजूला बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "काठावर तं हे लय शहानं हाये ताई. पान्यात गेलं का याले येड लागते."

"मग तुम्हीच पाहा ना काय ते!" मी पाना आपटला.

तेव्हा मावशी म्हणाली, "तू काठावर बसून काहून पाहून राहिली? बिमार तिकडे पडते, तं तिकडे चाल."

एवढं साधं होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं. सुचणार कसं? माझी सगळी इंजिनं जमिनीला बोल्टानं घट्ट कसलेली. विहिरीवरचं इंजिन कुठे जात नाही, मिस्त्री त्याच्याकडे जातो. ट्रॅक्टरसुद्धा मी शेडात उभा करूनच पाहते. शिवाय खरं सांगायचं तर मला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते. दोन्ही वेळा मी बोटीत पाय ठेवला तो दोर बांधलेला आहे याची खात्री करून.

त्या दिवशी लाइफ जाकीट घातलं, त्याचे पट्टे तीनदा ओढले आणि इंजिनावरची फळी काढून त्याच्या शेजारीच बसले. पाण्याकडे पाहिलंच नाही. मध्यभागी पोचलो तोवर सगळं ठीक होतं. मग डोंगराच्या अंगानं वारा आला, बोट डावी-उजवी डुलायला लागली, आणि इंजिनाचा आवाज खाली बसला. पांढरा धूर. दोनदा ठसकलं आणि गप्प.

धरणाच्या मधोमध एवढी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. भाऊनं वल्ही उचलली. "थांबा," मी म्हटलं. पिण्याच्या पाण्याची बाटली रिकामी केली आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू खोलून जे निघालं ते बाटलीत धरलं. उजेडात बाटली उभी केली. वर डिझेल होतं, खाली बोटभर स्वच्छ पांढरं पाणी.

मग ती बाटली हातात धरून मी हलवत बसले. सरळ धरली की पाणी तळाला निवांत. तिरकी केली की पाणी वर चढून तोंडाशी येतं. काठाला बांधलेल्या बोटीत पाणी टाकीच्या तळाला बसून राहत होतं आणि नळी त्याच्या वरचं डिझेल ओढत होती. बोट डुलली की तेच पाणी नळीत. दोन दिवसांपूर्वीही ते आलंच असणार. मी ते फडक्यावर सोडलं होतं, आणि फडक्यावर डिझेल पडलं की पाणी, हे पाहायची तसदी मी घेतली नव्हती.

काठाला आल्यावर टाकी उघडली. ती बोटीच्या तळाशी, फळ्यांखाली पक्की बसवलेली होती. कोपरापर्यंत हात घातला, तर काळा बुळबुळीत गाळ हाताला आला. झाकण घट्ट होतं, धरणाचं पाणी आत जायला वाट नव्हती. म्हणजे हे पाणी आतच तयार झालं होतं. टाकीत मोकळी जागा असली की हवेसाठी ठेवलेल्या बारीक नळीतून दमट हवा आत शिरते आणि पत्र्याला घाम सुटतो. चार महिन्यांच्या पावसाळ्यात थेंब थेंब करत तो तळाला साठतो.

माझा पारा चढला. अकरा बाया भोवती उभ्या होत्या, त्यांच्यासमोर मी ओरडले, "पावसाळाभर टाकी रिकामी कोणत्या शहाण्यानं ठेवली?"

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. शेवटी मावशीच हळूच म्हणाली, "तूच तं फोनवर सांगतलं होतं वं."

सांगितलं होतं. मृगाच्या आधी मावशीनं विचारलं होतं, की बोट आता बंद ठेवायची, तर इंजिनाचं काय करायचं. मी बोरगावला एका ट्रॅक्टरखाली पडलेली होते. पडल्यापडल्याच म्हटलं होतं, "टाकी रिकामी करून ठेवा, बास." बाबांचं गणित. पण बाबांची टाकी दोन हातांत उचलून माळ्यावर उपडी घालता यायची, तीही कोरड्या हिवाळ्यात. ही टाकी निघत नव्हती, पुसता येत नव्हती, वर चार महिने पाऊस. ही काठोकाठ भरून ठेवायला हवी होती. बाबांनी अशी टाकी कधी पाहिली नव्हती. मीही पाहिली नव्हती, तरी तोंड उघडलं होतं.

दोन दिवस मी त्या टाकीपाशी होते. सगळं डिझेल उपसलं, काठीला कापड बांधून कोपरा न् कोपरा पुसला, ताज्या डिझेलनं दोनदा धुतला. नागपूरहून एक जादा फिल्टर आणून लाइनीत बसवला. त्याच्या तळाला काचेची वाटी असते, पाणी आलं तर आधी तिथे दिसतं. मग कापडातून गाळून टाकी काठोकाठ भरली आणि एअर काढली, या वेळी बाटलीत. हात काम करत होते आणि मनात मी बाबांशी भांडत होते. त्यांचा शब्द चुकेल असं मला कधी वाटलंच नव्हतं, आणि तो चुकला याचं मला माझ्या चुकीपेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मावशीनं मला बाजूला घेतलं. "पान्याचं काई बोलू नोको. फिल्टर बदलला म्हन, झालं." तिचंही खरं होतं. आपल्याच मिस्त्रीनं बिघाड केला, हे कुणी साहेबाला कशाला सांगेल? मी मान हलवली.

साहेबांनी जाकीट घातलं, बोटीत बसले आणि ऑफिसच्या हिंदीत भाऊला विचारलं, "दो बार बंद क्यों पड़ा?"

"कचरा होता साहेब," भाऊ म्हणाला.

"कचरा आया कहाँ से?"

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी फाईल मिटली. म्हणाले, कारणच माहीत नसेल तर मी सही कशावर करू? काठावर मावशी पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. तिला दिलेला शब्द मला आठवत होता. पण मी गप्प राहिले असते तर ती फाईल पुन्हा उघडली नसती.

"कचरा नाही साहेब, पाणी होतं," मी म्हटलं. "आणि ते माझ्यामुळे होतं." मग सगळं सांगितलं. फोन, ट्रॅक्टर, रिकामी टाकी, फडकं, बाटली, काही ठेवलं नाही. काचेची वाटी दाखवली. सांगता सांगता माझा आवाज चढतच गेला, कारण मला प्रत्येक गोष्ट माहीत होती.

साहेबांची हिंदी कुठे गेली कुणास ठाऊक. "मंग आज बंद पडनार नाई, कशावरून?"

"वाऱ्यात चला," मी म्हटलं. "भाऊ, मध्यात नेऊन गोल गोल फिरवा. आडवी-तिडवी हलू द्या. काठावर तर ते बिघडलेलं असतानाही चालत होतं."

भाऊनं बोट अशी फिरवली की साहेबांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. पाणी उडून माझ्या तोंडावर आलं. एका हातानं मी फळी घट्ट धरली, पण नजर वाटीवरून हलली नाही. वाटीत नुसतं डिझेल होतं, आणि इंजिन एका सुरात चालत होतं. साहेबांनी मध्येच ते बंद करायला लावलं, पुन्हा सुरू करायला लावलं, तीन वेळा. तिन्ही वेळा ते पहिल्या झटक्याला उठलं. माझी छाती अशी भरून आली की भीती कुठल्या कुठे गेली.

काठाला लागल्यावर साहेबांनी बोटीतच बसून सही केली आणि कागद मावशीच्या हातात दिला. मग उतरता उतरता माझ्या हातांकडे पाहत म्हणाले, "हे सारं शिकलं कोनापाशी?"

"इंजिन बाबांनी शिकवलं, साहेब," मी म्हटलं. "टाकीचं मात्र माझं मी शिकले."