दादाला माफ करायचं की नाही?

रविवारी दुपारी नेरूळला आमच्या हॉलमध्ये कोर्ट भरलं होतं. आरोपी जपानचा, वकील नेरूळचे... आणि जज कोणीच नाही, त्यामुळे नुसता कल्ला.

सायली, ओंकार आणि मी, आम्ही तिघं कॉलेजपासून एक जपानी मांगा वाचतो. सुपरहिरोंची चित्रकथा हो, दर रविवारी फोनवर नवा चॅप्टर येतो. धाकटा भाऊ हिरो, थोरला व्हिलन. घरात मान गेला म्हणून थोरला रागाने घर सोडून गेलाय आणि अख्ख्या शहराची वीज ओढून घेत सुटलाय.

दोघांची नावं अशी लांबलचक की जीभच वळत नाही. म्हणून आमच्यात व्हिलनला सरळ 'दादा' म्हणायचं. या एका शब्दाने काय घोळ घातला तेच सांगायचंय...

त्या दिवशीच्या चॅप्टरमध्ये दादा एकदाचा घरी येतो, दारात उभा राहतो... आणि चॅप्टर खलास. धाकटा दार उघडणार की नाही, बसा आठवडाभर बोंबलत.

सायली म्हणे, माफी नाही म्हणजे नाही. शहर अंधारात घातलं आणि आता तोंड पाडून आला की झालं? ओंकार तर व्हिलन दिसला की विरघळतोच. त्याचं एकच पालुपद, दादाचा मान गेला तेव्हा घरातल्या एकाने तरी त्याला मागून हाक मारली का?

आई आत भाकऱ्या थापत होती. एक्झॉस्ट फॅनच्या आवाजात तिला अर्धंमुर्धंच ऐकू जात होतं... दादा. मान गेला. माफ करायचं की नाही.

आता गंमत अशी, की आमच्या आईलाही एक दादा आहे. माझा मामा. घणसोली गावात किराणा दुकान आहे त्याचं, नेरूळहून रिक्षाने अर्धा तास.

माझ्या ताईच्या लग्नात नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा होता. मामा ट्रॅफिकमध्ये अडकला, भटजींनी मुहूर्ताची घाई लावली आणि कोणीतरी चुलतमामाला पुढे केलं. मामा हॉलच्या दारात पोचला तेव्हा अक्षता पडत होत्या... तो तसाच मागे फिरला. न जेवता.

तेव्हापासून बोलणं बंद. आई म्हणते, तो मोठा, त्याने फोन करावा. मामा म्हणतो, मान माझा गेला, तिने करावा. घणसोलीत सख्खा भाऊ असून आई भाऊबीजेला गॅलरीतून चंद्राला ओवाळते... ते बघवत नाही हो.

तर आई पिठाच्या हातानेच बाहेर आली आणि सुरूच झाली. दादाचा मान गेला हे तिला कबूल, पण म्हणून कोणी असं तडकाफडकी निघून जातं का? मागे राहिलेल्यांच्या घशाखाली घास उतरतो का?

सायली खूश, काकू तिच्या पार्टीत आल्या म्हणून. मला तर वाटलं, आई आमच्या चोरून मांगा वाचतेय की काय! ओंकार मात्र दादाची बाजू सोडेना. मग आईचा आवाज एकदम खाली आला.

"माफ करायला कोण नाही म्हणतंय रे? पण तो आला तर पाहिजे ना दारात."

"पण काकू, आलाय ना," ओंकार म्हणाला. "आज सकाळीच आलाय. दारात उभा आहे."

आईने ओढणी सारखी केली, भराभरा गेली आणि दार उघडलं.

बाहेर आमच्या चपला आणि शेजाऱ्यांची कचऱ्याची बादली. आईने जिन्यापर्यंत वाकून पाहिलं... आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मी तिला आत आणलं आणि सगळं सांगितलं. जपान, व्हिलन, वीज, सगळं. ओंकारचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता. आई स्वतःच खुदकन हसली. दाराच्या कडीला पीठ लागलं होतं, ते पुसत तिने विचारलं, मग त्या धाकट्याने दार उघडलं का?

ओंकार चाचरत म्हणाला, ते पुढच्या रविवारी कळेल.

"एवढं कोण थांबतंय," आई म्हणाली आणि तिने टेबलावरचा माझा फोन उचलला. मामाचा नंबर पाठ होता तिला... इतके दिवस पाठच होता.

"दादा... जेवलास का?"

बस, एवढंच. लग्न नाही, मान नाही, काही नाही. मामा पलीकडून काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण आई म्हणाली, ये मग, मटण शिजलंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. आत तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती, तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

मामा आला. हातात हेल्मेट आणि आम्ही अजून शाळेत असल्यासारखे दुकानातले बिस्किटांचे पुडे. दोघं दारात एकमेकांकडे बघत उभी राहिली, मग आईच म्हणाली, हात धुऊन घे. आणि 'माफी नाही' म्हणणारी आमची सायलीच मामाला आग्रह करकरून रस्सा वाढत होती!

जेवता जेवता मामाला केस समजावून सांगितली. त्याने भाकरी मोडत निकाल दिला, त्या पोराला आधी जेवायला घाला, विजेचं नंतर बघू.

धाकटा दार उघडतो की नाही, रविवारी कळेलच. पण त्या जपानी लेखकाला मनापासून थँक्यू म्हणायचंय... त्याला बिचाऱ्याला कुठे माहीत, त्याच्यामुळे लग्नातून उपाशी गेलेला एक माणूस परवा नेरूळला पोटभर जेवला.