ढोल्याची बासरी

प्राण्यांच्या पाळणाघरातल्या बाईंना सगळे आत्या म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. नवरा गेल्यावर पोटासाठी धरलेलं हे काम त्यांच्या हाताला असं बसलं, की चावरी मांजरंही त्यांच्याकडून मुकाट नखं कापून घेत. पण ढोल्यानं त्यांना घाम फोडला.

ढोल्या म्हणजे एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांचा कुत्रा. मास्तर हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती झाले आणि जाताना बासरीची एक कॅसेट देऊन गेले. "ही लावा, शांत पडून राहतो," म्हणाले. आत्यांनी ती सकाळ-संध्याकाळ इमानेइतबारे लावली. बासरी सुरू झाली की ढोल्या जाऊन दाराला नाक लावून बसे. वाडग्याकडे ढुंकूनही बघत नसे. डॉक्टरांनी तपासलं, दुखणं काहीच नव्हतं. इकडे मास्तरांचा रोज फोन. "जेवला का? नसेल तर ऑपरेशन गेलं खड्ड्यात, मी येतो न्यायला." "जेवला की!" आत्या धडधडीत खोटं बोलत. मग त्यांच्याच घशाखाली घास उतरत नसे.

शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "मास्तर, ही बासरी घरी तुम्ही ऐकता तरी केव्हा?"

"मी कुठला ऐकतोय! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बाहेर जाताना लावून जातो. त्याला तेवढीच सोबत."

आत्यांनी कपाळावर हात मारला. बासरी वाजली म्हणजे मास्तर चालले, एवढंच ते बिचारं शिकलं होतं, आणि त्या रोज त्याच्या जखमेवर मीठ चोळत होत्या!

कॅसेट फेकून देता आली असती. पण घरी गेल्यावर मास्तर दुसरी आणणारच. म्हणून आत्यांनी ती लावली आणि टॉवेलांच्या घड्या घालत स्वतःच दारात फतकल मारली. "बघ बाबा, मी काही हलत नाही." ढोल्यानं दाराकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे. कॅसेट संपली, त्यांनी उलटून लावली. केव्हातरी त्यानं त्यांच्या पायावर हनुवटी टेकली. संध्याकाळी वाडगा चाटूनपुसून साफ झाला.

"मास्तर, जेवला हो! आज खरं सांगते."

"आज खरं म्हणजे?"

"तुम्ही ऑपरेशनला जा बघू!"

आत्या घरी पोचल्या तेव्हा मुलगा रात्रपाळीला निघायच्या घाईत होता. बूट चढवून त्यानं नेहमीसारखा आईसाठी टीव्ही लावला. आत्यांची नजर दाराकडे गेली. तशी ती रोजच जायची, पण का, ते त्यांना आज उमगलं.

"निघालास?"

"हो. टीव्ही लावलाय ना, तुला सोबत."

"मग तूही बस की घटकाभर."

मुलानं घड्याळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि वाकून एक बूट काढला.