केसपेपरातली बायको

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. घरात भिंतीकडं बघत बसतो म्हणून भाच्यानं मला पलूसकडच्या गावातनं उचलून सांगलीत आजारी पडायला नेलं.

भाचा तिथं एका कॉलेजात कारकून. हातापायानं अधू झालेल्या माणसाला जेवण, आंघोळ, कपडे हे सगळं परत कसं जमवायचं, ते तिथल्या पोरापोरींना शिकवतात. खरा पेशंट मिळत नाही, मिळाला तर कण्हतो. म्हणून आमच्यासारखी धडधाकट म्हातारी माणसं खुर्चीत बसवायची आणि त्यांचा खोटा केसपेपर कॉम्प्युटरात आधीच तयार ठेवायचा. पोरांनी तो वाचायचा, आम्हाला तपासायचं आणि पुढचं त्यातच लिहायचं.

मी तिसरीत शाळा सोडली. केसपेपरात मी रिटायर मास्तर होतो, उजव्या हाताला लकवा झालेला. केसपेपरचा नमुना कुठल्या तरी बाहेरच्या देशातला असावा. सरावाच्या दिवशी एका पोरीनं विचारलं, "आजोबा, टबात उतरताना तोल जातो का?"

"आमच्या टबात म्हशीचं पाणी असतं," मी म्हणालो. "मी उतरलो तर ती पिणार न्हाई."

तिनं 'तोल जातो' यावर खूण केली, कारण काहीतरी भरल्याबिगर ते यंत्र पुढं सरकत नाही. कपड्यांच्या यादीत धोतर नव्हतं, म्हणून मला पॅंट घातली. आणि केसपेपरात मला बायको होती. शर्टाची बटणं तीच लावते, असं लिहिलेलं. सरावात तिथवर कोणी पोचलं नाही, म्हणून मला त्याचा पत्ता नव्हता. परीक्षेच्या सकाळी भाच्यानं सांगितलं, "बटणं कोण लावतं म्हणून विचारलं, की बायको म्हणायचं."

परीक्षेला तीच टबवाली पोरगी माझ्या वाट्याला आली. शेजारी परीक्षा घ्यायला आलेल्या बाहेरगावच्या मॅडम. पोरीनं विचारलं, "आजोबा, बटणं कोण लावतं?"

"कोण न्हाई."

मॅडमनी पडद्याकडं बघितलं. "इथं बायको आहे."

"तिथं असंल. घरी न्हाई."

मॅडम म्हणाल्या, पेशंट रेकॉर्डप्रमाणं बोलत नाही, अशी परीक्षा धरता येणार नाही, हिला परत बसावं लागेल. पोरीचा चेहरा उतरला. भाच्यानं मला दारापाशी ओढलं.

"मामा, आवं एक शब्द म्हणायचाय. लकवा तरी कुठं खरा हाय? सकाळधरनं हात लुळा पाडून बसलायसा की."

"हात घरी गेल्यावर हलतो रं."

पोरीनं ते ऐकलं. ती कॉम्प्युटरकडं वळली आणि केसपेपरातनं बायको काढून टाकली. पडदा लाल झाला. घरी सांभाळणारं कोण, ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. तिचा सगळा बेत बायकोला शिकवायचा होता, तो तिथंच फसला.

"म्हणजे तुम्ही एकटेच?"

"व्हय."

तिनं 'एकटे' असं लिहून बघितलं. लाल ते लालच. मग तिनं पडद्याकडं पाठ केली, माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि डाव्या हातानं खालनं वर बटणं कशी घ्यायची ते दाखवायला लागली. मॅडम घड्याळ बघत होत्या, पण त्यांनी थांबवलं नाही. गळ्याचं बटण राहिलं, तवर वेळ संपली.

पोरगी काठावर पास झाली. मॅडमनी शेरा मारला, की पेशंट चांगला तपासला, पण पेशंटच्या सांगण्यावरून केसपेपर बदलू नये.

पंधरवड्यानं भाच्याचा फोन.

"मामा, तुमचा केसपेपर नीट केला. बायको काढली. या आता पुढच्या परीक्षेला."

"मग बटणं?"

"सून लावती."

"सून सासऱ्याची बटणं लावती? कुठल्या गावात रं?"

"ते सांगलीत चालतंय."

"आरं, मला पोरगाच न्हाई."

"कॉम्प्युटरला कुठं ठावं हाय?"

मी जरा विचार केला. म्हणालो, "बटणं माझी मी लावतो, सून चहा करून देती म्हणून लिही, म्हंजे येतो. जी कवा घरात आलीच न्हाई, तिच्याबद्दल दिसभर खोटं बोलाय लावलं तरी मला काय जड जात न्हाई."